घावनावरची हिरवी चटणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता मला ओळखणारा कुणीही हसेल—याने न सांगितलेलं काही शिल्लक आहे? पूर्णगडपासून रत्नागिरीपर्यंत विचारा. माझ्या तोंडून बांगडा निघाला, की ऐकणाऱ्याच्या कानात शिरेपर्यंत त्याचा देवमासा होतो. पण हे एक नाही सांगितलं. आणि यात काही फुगवायचीही गरज नाही—तेच तर वाईट.

आमचं घर म्हणजे पाहुण्यांना राहायला दिलेल्या चार खोल्या, पुढे खळं, मागीलदारी आगर. त्या आगरात मी बेसिल लावलं. आपल्या सब्जाचाच भाऊ तो, पण पाहुण्यांना सब्जा सांगून कोण विचारतो? मी सांगायचो, आमच्या खापरपणजोबांनी वादळात फुटलेल्या इटालियन गलबतातून हे बियाणं दातांत धरून पोहत आणलं. (रोपं कुवारबावच्या नर्सरीतली.) त्या पाल्याचा मी पेस्टो करायचो. म्हणजे—बघा, लगेच 'मी' म्हणालो. करायच्या सुमनवहिनी.

वहिनी माझ्या चुलतभावाच्या मागे राहिलेल्या. शेजारचंच घर त्यांचं. वाडीतली कुठलीही पंगत, पूजा, बारसं असो—अंदाज वहिनींचा. दोनशे माणसांच्या आमटीत मीठ त्या नुसत्या वासावर सांगायच्या. ही माझी थाप नाही. पेस्टो त्यांनी पहिल्यांदा पाट्यावर वाटला तेव्हा म्हणाल्या, "भावोजी, तुळशीच्या भैणीची चटणी करायला लावलीत, आता हिच्याशी माझं लगीन लावू नका म्हणजे झालं!" लसूण, पाला, तेल, चीज आणि मूळ कृतीतल्या चिलगोज्यांऐवजी ओले काजूगर. काजूच्या चिकाने त्यांच्या बोटांची सालं निघायची. पण घावनावर ती हिरवी चटणी अशी लागायची, की पुण्याची माणसं बोटं चाटत फोटो काढायची.

आता येतो मुद्द्यावर. येतो—थांबा.

त्या मार्चात पुण्याचं एक कुटुंब यायचं होतं. नवरा, बायको, नऊ वर्षांची मुलगी. वडिलांनी आधी फोन केला होता. मुलीला काजू अजिबात चालत नाही, घसा सुजतो, जिवावर बेततं. मी म्हणालो, बिनधास्त या. फोन ठेवला आणि मनात म्हटलं, काय एकेक शहरी फॅडं! वहिनींना सांगितलं? नाही. विसरलो का? तसंही म्हणता येईल. पण विसरायला आधी लक्षात ठेवावं लागतं ना?

सकाळी खळ्यात न्याहारी मांडली होती. दुसरेही पाहुणे होते, गलबताची गोष्ट रंगात आली होती, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात मुलीच्या आईने विचारलं, "यात काजू नाही ना?"

एक क्षण होता हो. खरंच होता. त्यात 'थांबा, विचारून येतो' हे तीन शब्द आरामात मावले असते. पण गोष्ट तुटली असती. मी म्हणालो, "काजू? छे! काजू इथे गुरंसुद्धा खात नाहीत. हे चिलगोजे, थेट काबूलचे!" सगळे हसले. मुलगीही हसली. आणि तिने घावनाचा तुकडा चटणीत बुडवला.

पुढचं मी रंगवून सांगणार नाही. ओठ सुजले, मग श्वास. गाडी मीच चालवली. वाटेतल्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, मग रत्नागिरीला अ‍ॅडमिट. ती वाचली. तिच्या वडिलांनी पॅसेजमध्ये माझा दंड धरून विचारलं, तुम्हाला सांगितलं होतं ना? आणि माझं तोंड—हे तोंड—आपोआप चालू झालं. म्हणालो, मी चिलगोजे काढून दिले होते. स्वयंपाकाच्या बाईंना बजावलं होतं. त्यांच्याकडून राहून गेलं.

इथवर मी फक्त भित्रा होतो. घरी आलो तेव्हा वहिनी मागीलदारी पायरीवर बसल्या होत्या. हात अजून हिरवे. "पोर कशी हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बरी आहे म्हणालो, आणि लगेच, "वहिनी, तुम्हाला सकाळी सांगितलं होतं ना, तिला काजू चालत नाही म्हणून?"

"मला? कधी ओ?"

तेव्हा मी माझी सगळी विद्या पणाला लावली. तुम्ही पाट्यापाशी लसूण सोलत होतात. मी उंबऱ्यात उभा, हातात चहा. कोंबडी आत शिरली, तुम्ही तिला फडक्याने हाकललंत, तेव्हाच मी म्हणालो. कोंबडी खरी होती. चहाही खरा होता. थाप पचवायची तर तिच्यात एक खरी कोंबडी सोडावी लागते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

वहिनींनी आपल्या हातांकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "कोंबडी शिरलेली खरी." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही काजू म्हणाला असाल, नि मी ओले गर काजूत धरलेच नसतील. ओले गर म्हणजे भाजीच ना आपली."

माझ्या खोट्यात एक भोक राहिलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवून दिलं. मी मान डोलावली.

त्यानंतर पंगतीला त्यांनीच नाही म्हणायला सुरुवात केली. "माझ्या हातून आता नको." वाडीनेही फार आग्रह केला नाही. गॅस बंद केला का, हे बघायला त्या अर्ध्या वाटेतून परत फिरू लागल्या. आठवणीसाठी पदराला गाठी मारू लागल्या, मग गाठ कशाची हे आठवत बसू लागल्या. त्यांच्या मुलाने त्यांना मुंबईला आपल्याकडे नेलं, डॉक्टरला दाखवलं. आता त्या विसरण्यावरची गोळी घेतात. सुनेच्या घरात साधा चहाही करत नाहीत.

आणि मी? मी पाहुण्यांना हा किस्सा सांगतो, पण वहिनींच्या चुकीचा म्हणून. नाव घेत नाही. 'आमच्या एक स्वयंपाकीणबाई होत्या' म्हणून सांगतो. पेस्टोत आता ओलं खोबरं घालतो. ऐकणारे चुकचुकले, की मी आणखी थोडं वाढवतो.

गेल्या मे महिन्यात वहिनी आल्या होत्या. माझ्या खळ्यात बसल्या. जाताना चपला घालता घालता थांबल्या.

"भावोजी, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही मला एकदा सांगितलंत, की दोनदा? एकदाच असेल तर... एकदा माणूस विसरतो ओ."

मी म्हणालो, "दोनदा."