साळवेताई आणि शेवटचा आकडा

साळवेताई कुणाशीही हात मिळवत नसत. पाहुणा आला की दोन्ही हात पाठीमागे. "राग मानू नका, बोटाला घाम असतो," म्हणत. चितेगावच्या आमच्या प्रयोगशाळेत कारखान्यांचे नाजूक मीटर तपासले जात. ते जिच्याशी ताडून पाहायचे, ती दहा व्होल्टची संदर्भपेटी ताईंच्या ताब्यात होती. पेटीवर सगळ्यांचा विश्वास होता, ताईंचा नव्हता. रोज सकाळी ती दुसऱ्या जुन्या पेटीशी ताडून त्या वहीत नोंद करत. "मापातले पहिले आकडे सगळ्यांचेच बरे असतात. खरं काय ते शेवटचा आकडा सांगतो."

त्या वर्षी दसऱ्यानंतर तो आकडा भटकू लागला. आभाळ आलं की घसरायचा, ऊन पडलं की परत यायचा. साहेब म्हणाले, "दमट हवा, दुसरं काय?"

"हवा दोन्ही पेट्यांना सारखीच हाय. मग ही एकटीच का हलती?"

ताईंनी झाकण काढलं. शीतपेयाची नळी तोंडात धरून त्या आतल्या एकेका भागावर हळूच दमट फुंकर घालू लागल्या. मी त्यांचा मदतनीस; आकड्यावर नजर ठेवणं माझं काम.

"हलला?"

"नाही."

"आता?"

एका कोपऱ्यावर फुंकर पडताच आकडा पळाला. भिंगाखाली दोन सांध्यांमध्ये लाल डाग दिसला. कुंकू! ओल धरून त्यातून वीज झिरपत होती. खंडेनवमीला साहेबांनी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं होतं. नेमकं तेव्हाच बॅटरी बदलायला ताईंनी झाकण काढून ठेवलं होतं. ताई बौद्ध; पूजेच्या वेळी त्या बाहेर चहा पीत होत्या.

मी घाईने स्पिरिटचा बोळा फिरवला, तर आकडा आणखीच बिघडला. "डाग पुसला नाय तू, सगळ्या सांध्यांना वाटून दिला," ताई म्हणाल्या. मग त्यांनी सगळं नीट धुतलं, दोन दिवस वाळवलं. आकडा जागेवर आला.

खरी लढाई अहवालात होती. कुंकू लिहिलं, तर नवमीपासून गेलेला प्रत्येक मीटर परत मागवावा लागणार. साहेब म्हणाले, "दमट हवा लिहा. आणि पूजेचं नाव तुम्ही लिहिलंत, तर लोक काय म्हणतील, कळतंय ना?"

त्या 'तुम्ही'तला अर्थ मला कळला. माझं डोकं तापलं. ताईंचा आवाज चढला नाही.

"कळतंय साहेब. कुंकू तुमचं, झाकण माझं. दोन्ही लिहिते."

आणि आधी स्वतःचं नाव लिहिलं.

बाहेर येताच मी म्हणालो, "ताई, यावर पत्रकच काढतो. मथळाही सुचलाय."

"मथळा ठेव खिशात. आधी गिऱ्हाइकांना फोन लाव."

दुपारभर आम्ही शिव्या खाल्ल्या. एक जण माझं ऐकूनच घेईना, तेव्हा ताईंनी फोन घेतला. "व्हय, चूक आमची. पण आता कळूनबी मीटर वापरला, तर ती तुमची. पाठवा."

मीटर आले. काहींची मापं खरोखरच चुकलेली निघाली. महिनाभरात ताईंची बदली गोदामात झाली आणि प्रमाणपत्रांवर सही करण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी साहेबांनी कागद पुढे सरकवला. "सही कर, गिऱ्हाइकाची गाडी थांबलीय."

"तपासणी व्हायचीय. थांबू द्या."

"साळवेताई अंगात आल्या का तुझ्या?"

"व्हय साहेब," मी म्हणालो.