रिपोर्ट माझ्याकडे होता

नातीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट सुनेनं हरवला, असं आमच्या नात्यात सगळे मानतात. तो तिनं हरवला नव्हता.

नातीला सिस्टिक फायब्रोसिस होता. या आजारात फुफ्फुसातला कफ चिकट होतो, पुढे यकृतातलं पित्तही साकळतं. म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी दरवर्षी पोटाची सोनोग्राफी करून रिपोर्ट दाखवायला सांगितलं होतं. मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालेलो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

ती अकरा वर्षांची असताना आम्ही लाखनीहून तिला उपाशीपोटी भंडाऱ्याला नेलं. पोटावर गार जेल लागताच ती म्हणाली, "आबाजी, मले कुल्फी बनवून राहिले का हे?" सोनोग्राफीचे डॉक्टर हसले. मग बरगडीखाली यंत्र पुन्हा पुन्हा फिरवून म्हणाले, "यकृत खडबडीत दिसतं. पाणथरीही वाढली आहे. आठवड्याभरात नागपूरला दाखवा."

मी अख्खी नोकरी सिकलसेल आणि हिवतापाचे रुग्ण शोधण्यात घालवली होती. या दोन्हींत पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढते; गावोगाव पोरांची पोटं चाचपून मी ती पाहिली होती. पाणथरी हा शब्द ऐकला आणि पुढचं मागचं मी ऐकलंच नाही.

बाहेर सून उभी होती. "मामाजी, काय निंगालं?"

"पाणथरी जराशी वाढली. आपल्याकडं अर्ध्या पोरायची रायते."

"नागपूरले दाखवाचं नाही का?"

"तू मले शिकवते का?"

रिपोर्ट मी माझ्या कपाटात ठेवला.

सात-आठ महिन्यांनी नातीला रक्ताची उलटी झाली. नागपूरला कळलं, यकृत निबर होऊन रक्त अडलं होतं, अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली होती. डॉक्टरांनी मागची सोनोग्राफी मागितली. मी म्हणालो, "सुनेजवळ दिली होती. हरवली तिनं." सून शेजारीच होती, ओढणीवर रक्ताचे डाग. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

नात आणखी दोन वर्षं जगली. मी एकदा डॉक्टरांना एकट्यानं गाठून विचारलं. ते म्हणाले, "शिरा आधीच बांधता आल्या असत्या. पुढचं मी सांगू शकत नाही." मलाही सांगता येत नाही.

परवा इथपर्यंतचं लिहिलेलं मुलाला आणि सुनेला वाचून दाखवलं. मुलगा उठून अंगणात गेला. सून जागची हलली नाही.

"माही माय मरेवरी मलेच बोलत रायली, मामाजी," ती म्हणाली. "आता तिले कोण सांगन?"