कार्टूनमधल्या गाईचं वासरू
परवा लातूरच्या आडतीत सरकीच्या पेंडीचा वास आला आणि देवणीजवळच्या आमच्या गोठ्यातली एक जुनी दुपार आठवली. आम्ही चुलतभावंडं मोबाईलवर शेतातल्या जनावरांचं जुनं कार्टून बघून लोळून लोळून हसत होतो. त्यातली गाय नाचता नाचता बादली भरत होती आणि कोंबड्या पंखांनी टाळ्या पिटत होत्या. चुलते भिजवलेल्या पेंडीचं घमेलं घेऊन आमच्या गाईपुढं बसले होते. ती तोंड लावत नव्हती. त्यांनी मोबाईलमध्ये डोकावून विचारलं, "हिचं वासरू कुठं हाय? वासराबिगर पान्हावली कशी?" आम्हाला आणखीच हसू आलं. "खाली लोकायनं काय लिव्हलंय, वाच बरं." मी वाचलं. कुणाला लहानपण आठवलं होतं, कुणाचं हसून पोट दुखलं होतं. वासराबद्दल अक्षर नव्हतं. "मंग तू इचार की त्यायला." त्यांच्या समाधानासाठी मी प्रश्न टाकला आणि विसरलो. परवा घरी येऊन ते कार्टून पुन्हा शोधलं. माझ्या प्रश्नाखाली कुणा अनोळखी माणसाचं एकच उत्तर होतं, "तुमच्या गाईचं वासरू गेलंय का?" गेलं होतं, त्या दुपारच्या दोनच दिवस आधी. आम्हा हसणाऱ्यांना ते माहीत होतं.