टाचेखालची खरपुडी

आषाढात मी भवानीनगरच्या साखर कारखान्यात कामावर असताना फोन आला, "तात्या गेले. सकाळी चहा पिऊन, बसल्या जागी." खोटं कशाला सांगू, आधी हायसंच वाटलं. अंथरुणाला न खिळता माणूस सुटला. मग आठवलं, त्यांची माफी मागायची राहूनच गेली...

तात्या माझे थोरले चुलते. तरुणपणी मेंढरं राखली, नंतर शेळगावला शेती. आमच्या माळावर बोरीच्या जाळीखाली खरपुडीचे वेल यायचे. भादव्यात कंदिलासारखी इवली फुलं; उन्हाळ्यात वर काहीच नाही, कंद मात्र मातीखाली जिवंत. तात्या काठीच्या लोखंडी टोकानं ते उकरायचे, आम्हा भावंडांना कच्चेच चारायचे आणि एक कंद परत खड्ड्यात ठेवून माती टाचेनं दाबायचे. "समदं खाल्लं, तर रानाला म्होरं त्वांड कसं दावायचं?" मेंढक्यांची ती रीतच होती.

नव्वदनंतर पाइपलाइनचं पाणी माळापर्यंत आलं आणि मला उसाचं वेड लागलं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तात्या लेकीकडे सांगवीला गेले असताना मी शहाण्यानं ट्रॅक्टर लावून माळ सपाट केला, बोरीच्या जाळीसकट. त्यांना खूश करायचं होतं! परत आल्यावर ते बांधावर येऊन उभे राहिले. "ब्येस झालंय की," एवढंच म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्या पावसाळ्यात एकही वेल उगवला नाही, आणि वर्षभर माझी जीभही उचलली नाही.

परवा भादव्यात काकीला भेटायला गेलो आणि तिच्यापाशी सगळं ओकलो. काकी चक्क हसली.

"आरं, तू ट्रॅक्टर फिरवल्यावर आठ दिस ढेकळांतनं कंद येचत हुते. परसात लावलं. म्या म्हणलं, पोराला सांगा की. तर म्हणले, उगवल्यावर दावू. आत्ता सांगितलं आन् न्हाय उगवलं, तर त्येला दोनदा वाईट वाटंल. मागल्या साली काय उगवलं न्हाय, औंदा बघ जा परसात."

मागं गेलो. कुंपणाच्या बोरीवर वेल चढला होता, तीन फुलं होती. मी लहान पोरासारखा रडलो, पण छाती हलकी झाली होती.

निघताना काकीनं तात्यांची काठी हातात दिली. ती आता माझ्या दाराआड उभी आहे. वेल वाळला की एक कंद माळाच्या बांधावर न्यायचा आहे... बूट काढून, टाचेनं माती दाबायची आहे.