गाडीत सोबत कोण?

शाळामास्तरांकडे किस्से असतात, एसटीच्या कंडक्टरकडे असतात, आणि ते ऐकायला माणसंही असतात. आमच्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त साठतात, पण अँब्युलन्सवाल्याला "मग, काय विशेष?" असं कोणी विचारत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचा विचारतो, "आपण काय करता?" मी सांगतो, "हॉस्पिटलच्या अँब्युलन्सवर असतो." झालं! पुढचा प्रश्न थेट मठ्ठ्याबद्दल येतो. घरी म्हणावं, तर बायको लवकर गेली. त्यामुळे सगळं पोटातच राहिलं. आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

मी लागलो नव्वदीच्या सुरुवातीला. गाडीत एक स्ट्रेचर, एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मी. चालवायला पगारे मामा. मामा दिवसभरात चार वाक्यं बोलायचे, त्यातली तीन गाडीशी. 'टेक्निशियन' वगैरे फार नंतर आलं, ट्रेनिंग झाल्यावर. तोवर मला सगळे 'ऑक्सिजनवाला' म्हणायचे.

*

निफाडजवळच्या एका मळ्यातून फोन आला. द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी चालली होती, ती भुकटी आजोबांच्या छातीत गेली आणि दमा उसळला. जाऊन बघतो तर काय! आजोबा खाटेवर आडवे, खिडक्या बंद, आणि खोलीत वीस-बावीस माणसं.

"खिडक्या का लावल्या?"

"वारं लागंल ना त्यांला!"

दम लागलेल्या माणसाला आडवं करायचं नसतं, बसवायचं असतं. मी आजोबांना बसवलं, मास्क लावला, खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं. दहा मिनिटांनी ओठांचा निळेपणा उतरला. आजोबांनी मास्क बाजूला केला. आता आशीर्वाद देणार, असं मला वाटलं.

"त्या समद्यांला आत बोलवा," ते म्हणाले. "येकट्याला लय भ्या वाटतं!"

मी दार उघडलं. खिडक्या तेवढ्या लावू दिल्या नाहीत.

*

त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी. पूजा सांगता सांगता छातीत कळ आली, घामाने डबडबले. आम्ही पोचलो तेव्हा गुरुजी भिंतीला टेकलेले आणि समोर यजमान हातात पळी धरून तसेच बसलेले.

अशा पेशंटच्या जिभेखाली ठेवायला डॉक्टरांनी आमच्याकडे गोळी देऊन ठेवलेली असायची. ब्लडप्रेशर बघितलं, गोळी काढली. गुरुजींनी तोंड घट्ट मिटलं.

"एकादशी आहे. यात धान्य नाही ना?"

"नाही."

"मीठ?"

"सैंधव!" मी ठोकून दिलं. तोंड उघडलं.

मग यजमान गाडीत चढले, पळी-ताम्हनासकट. "संकल्प सोडलाय," म्हणाले, "मधेच उठता येत नाही." नाशिकपर्यंत गुरुजी मास्कच्या आतून मंत्र पुटपुटत होते आणि मी हात जोडून सांगत होतो, "गुरुजी, मनात म्हणा!" गुरुजी वाचले. हॉस्पिटलच्या दारात यजमानांनी मला बाजूला घेतलं.

"दक्षिणा त्यांना द्यायची की तुम्हाला?"

*

हा ट्रेनिंगनंतरचा. फुलबाजारात एक शेतकरी झेंडूच्या ढिगावर कोसळले. श्वास नाही, नाडी नाही. मी छाती दाबायला लागलो. रबरी बाहुल्यावर शिकलेलं पहिल्यांदाच खऱ्या माणसावर करत होतो. हाताखाली काहीतरी कडकन वाजलं, तरी थांबलो नाही. एवढ्यात त्यांच्या भावाने माझी कॉलर धरली.

"आरं, मारतो काय त्याला!"

मामांनी भावाला मिठी मारून मागे ओढलं आणि त्या दिवशीचं चौथं वाक्य खर्च केलं. "दाबू द्या."

दाबत दाबतच हॉस्पिटल गाठलं. माणूस उठला!

वर्षभराने मी बायकोच्या फोटोला हार करायचा म्हणून झेंडू घ्यायला गेलो, तर तेच समोर, तराजू घेऊन. मी तब्येत विचारली.

"हार्ट ठीक हे हो. पण कोणा येड्यानं माझी बरगडी मोडली, अजून दुखती!"

"असतात असे लोक," मी म्हणालो.

त्यांनी वरून मूठभर फुलं जास्त घातली. ओळख द्यावी असं त्या दिवशी फार वाटलं. दिली नाही.

*

गंगापूर रोडच्या देशमुख बाई, निवृत्त शिक्षिका. हृदय अशक्त झालेलं, मधूनच फुप्फुसात पाणी भरायचं आणि श्वास कोंडायचा. मुलगा परदेशात, बाकी कोणी नाही. आमच्याकडे नियम असा की पेशंटसोबत नातेवाईक हवा, फॉर्मवर तसा रकानाच होता. पहिल्या वेळी मी विचारलं, "सोबत कोण?" बाईंना बोलवत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. गाडी तर हलायला हवी! मी माझं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात 'भाऊ' टाकलं. पुढे दोन वर्षांत सात-आठ फॉर्म तसेच भरले.

मग भाऊबीजेच्या सकाळी त्यांचा फोन आला. सायरन लावून गेलो. दार उघडंच होतं. बाई खुर्चीत पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून श्वास ओढत होत्या. घशातला पाण्याचा आवाज मला दारातून ऐकू आला. आणि समोर पाट. पाटाभोवती रांगोळी. तबकात निरांजन पेटलेलं. श्वास पहाटेच लागला असणार. फोन मात्र त्यांनी रांगोळी पुरी झाल्यावर केला होता!

मी सिलिंडर दारातच थांबवला. ऑक्सिजनजवळ ज्योत चालत नाही.

"बाई, आधी निरांजन विझवू द्या."

बाईंनी जोरात मान हलवली. ओठ निळे पडत चाललेले, आणि बोट पाटाकडे! पेशंटवर मी कधी ओरडलो नव्हतो, तेव्हा ओरडलो. "बाई, जीव जाईल तुमचा!"

मामांनी तबक उचललं, ज्योतीला तळहाताचा आडोसा केला आणि शेजारच्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. मी मास्क लावला, बाईंना बसवूनच गाडीत घेतलं.

गाडी निघाली. बाईंची नजर माझ्यावरून हलेना. एकदम त्यांनी हात पुढे केला, माझ्या खिशातली डोळे तपासायची छोटी टॉर्च ओढून काढली, पेटवली आणि माझ्या तोंडासमोरून ओवाळली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात अर्ध्यातच खाली यायला लागला, तेव्हा मी तो खालून धरला. मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

मग बाईंनी टॉर्च मांडीवर ठेवली आणि माझ्यापुढे तळहात पसरला. ओवाळणी!

मी खिसे चाचपले. पाकीट हॉस्पिटलच्या कपाटात राहिलं होतं.

मी सिलिंडरचा नॉब आणखी थोडा उघडला.