मुलाखत हितेंद्रची, पाठांतर मजल्याचं

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा हितेंद्र परब इतका भिडस्त, की हॉटेलात चहा गार आला तरी वेटरला थँक्यू म्हणायचा. बायको दर्शना नर्स. तिची बदली कुडाळला झाली, तीन वर्षांची लेकही तिच्याबरोबर गेली आणि सहा महिन्यांत पोरगी त्याला ‘फोनातले बाबा’ म्हणायला लागली. ते ऐकून माझगावच्या गोदामातल्या या कारकुनाने तिरीमिरीत कुडाळच्या काजू कारखान्याकडे अर्ज ठोकला. मंगळवारी अकराला फोनवर मुलाखत ठरली.

चाळीत गुपित म्हणजे काय, तर जे तळमजल्याला जरा उशिरा कळतं. शेजारच्या सुंदराबाई कमरेला पदर खोचून आल्याच. “मेल्या, फोनवर बायकोक पण ‘बरं, बरं’ इतक्याच सांगतंस. साहेबाक काय सांगतलंस?”

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत शिकवणी. सुंदराबाई साहेब होऊन खुर्चीत, मांडीवर निवडायची मेथी. उत्तरं लिहिली मजल्यावरच्या निवृत्त जगदीशमास्तरांनी, त्यामुळे ‘मुंबई का सोडताय?’ याचं उत्तर झालं, “माझ्या कार्यक्षमतेस विस्तीर्ण क्षितिज लाभावे, हीच मनीषा!” तीन दिवसांत ते अख्ख्या मजल्याला पाठ झालं. हितेंद्र सोडून.

मंगळवारी जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने सूचना झळकली: ‘अकरा ते साडेअकरा मिक्सर, टीव्ही बंद. ज्यांचं भांडण चालू आहे त्यांनी ते नंतर पुढे चालवावे.’ रेंज त्या फळ्याखालीच यायची. तिथे हितेंद्र उभा, मागे मजला श्वास रोखून. फोन स्पीकरवर; मेहनत सगळ्यांचीच होती ना!

कारखान्याच्या वैदेही मॅडम बोलायला लागल्या. माल, रजिस्टर, आवक-जावक सगळं सुरळीत झालं. मग त्यांनी विचारलं, “मुंबई का सोडताय?”

हितेंद्र ‘माझ्या... माझ्या...’वरच अडकला. आता आरतीत पुढचा माणूस कडवं विसरला तर मागचे काय गप्प राहतात? सतरा गळे एका सुरात कडाडले, “माझ्या कार्यक्षमतेस विस्तीर्ण क्षितिज लाभावे, हीच मनीषा!” समोरच्या बकुळाकाकूंनी तर आरतीच्या सवयीने टाळ्याही वाजवल्या.

मॅडमनी विचारलं, “तिकडे किती जण आहेत हो?”

“स... सतरा. मला धरून अठरा.” खोटं बोलायचीही त्याला भीड.

“बरं, मग अठराव्याचं उत्तर काय?”

हितेंद्रने फळ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. “पोरगी मला फोनातले बाबा म्हणते, मॅडम. मला घरातले व्हायचंय.”

“ह्या काय आम्ही शिकवूक नाय हां,” सुंदराबाई पुटपुटल्या. मॅडमनी तेही ऐकलं आणि त्या मोठ्याने हसल्या. “एक तारखेला रुजू व्हा. आणि एकटेच या.”

मजल्यावर एकच गलका झाला. मास्तर तर आपलीच नेमणूक झाल्यासारखे हात मिळवत सुटले. फक्त सुंदराबाई मेथी तशीच टाकून दारात बसल्या.

“जातंस खरो,” नाक पुसत त्या डाफरल्या, “पण माझो सिलिंडर दोन जिने कोण चढवतलो?”

हितेंद्रने ती मेथी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. तो म्हणाला, “बरं, बरं.”