शिट्ट्या मोजणारी डबी

आईला ऐकू कमी यायला लागलं तेव्हा तिने सगळ्यात आधी कुकर लावणं सोडलं. कानाचं यंत्र घातलं की भांड्यांचा खणखणाट डोक्यात जातो, म्हणून स्वयंपाकघरात ती ते काढून ठेवायची. मग शिट्ट्या कळायच्या नाहीत. दोनदा डाळ करपली. "आता तूच बघ गं कुकरचं," म्हणाली आणि ओट्यापासून लांबच राहू लागली. विंचूरच्या माहेरी अख्ख्या पंगतीचा स्वयंपाक एकहाती उरकणारी बाई अशी गप्प बसलेली मला बघवेना.

हौसेने घेतलेला तळहाताएवढा एक कॉम्प्युटर माझ्या कपाटात पडून होता. त्याला माइक आणि मेसेज पाठवायला सिमकार्डाचं मॉडेम जोडलं आणि सगळं एका डबीत बसवलं. कुकरची शिट्टी ओळखायला त्याला शिकवता शिकवता आठवडाभर आमच्याकडे नुसतं वरण-भात झालं. ठरलेल्या शिट्ट्या झाल्या की आईच्या साध्या फोनवर मेसेज जाणार, आणि कमरेला खोचलेला तो फोन थरथरला की तिला कळणार.

पहिला मेसेज तिने डोळ्यांजवळ धरून वाचला. 'सूचना: तीन शिट्ट्या पूर्ण.'

"असं कोण बोलतं गं, बँकेवानी?" ती म्हणाली. "लिही, माय, डाळ शिजली, गॅस बंद कर."

"तुला माय कशाला?"

"माझी आई मला माय म्हणायची. आता कोण म्हणतंय?"

मी लगेच मजकूर बदलला.

दुसऱ्या दिवशी मात्र भात कच्चा निघाला. खिडकीतून येणाऱ्या शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्याही डबीने आपल्याच धरल्या होत्या. मला वाटलं, आई पुन्हा हात आखडता घेणार. ती तर पोट धरून हसत सुटली. "भात शिजला तिचा आन् गॅस बंद केला मी!" मी डबी खिडकीपासून हलवली आणि तिला फक्त आमच्या कुकरचा आवाज ओळखायला लावलं.

मग आईची भीड चेपली. वडिलांचं पंचवटीत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारी घरी यायचं त्यांना कधी भान नसायचं. आईने त्यांच्यासाठीही मजकूर सांगितला. 'अहो, वरण झालं. गार लागलं तर बोलायचं नाय.' फोडणी बसते न बसते तोच खाली त्यांची स्कूटर थांबली.

"गिऱ्हाइकानेच मेसेज वाचला," ते चपला काढता काढता म्हणाले. "म्हणाला, काका, पळा तुम्ही."

मावशी राहायला आली त्या रविवारी आईने पुरणाचा घाट घातला. दोघी बहिणी गप्पांत रंगल्या होत्या. मधेच आई उठली, गॅस बंद करून आली.

मावशी चकित. "तुला शिट्टी ऐकू आली?"

"नाय गं. कमरेला कळलं."

मावशीला हसू आवरेना. मग तिने तो मेसेज मोठ्याने वाचला, 'माय'पाशी थबकली, आणि मला म्हणाली, "माझ्या फोनवर पण पाठव की असा एक."